पिकोलेट हल्ली गात नाहीत

त्वात्वा आणि पिकोलेट या गाणाऱ्या पक्ष्यांत फरक काय, असं सुरिनामच्या पारामारिबो शहरात चुकूनही कुणाला विचारू नये. विचारलंत तर दुपारच्या जेवणावर पाणी सोडा. खरं म्हणजे दोघे चुलतभाऊच. दोघे मुठीत मावणारे, दोघे गवताचं बी खाणारे, दोघांच्या माद्या अशा तपकिरी की नवख्याला एकीची दुसरी वाटावी. त्वात्वा अंगाने जरा थोराड, नखशिखांत काळा, चोच अडकित्त्यासारखी जाड. पिकोलेट लहान चणीचा, पाठीवर काळा, पोटावर विटकरी. त्वात्वाचा आवाज खालचा आणि सावकाश, पिकोलेटचा बारीक, उंच आणि कायम घाईत. संपला फरक. पण एवढंसं बोलून तुम्ही थांबलात, तर दोन्हीकडचे मालक आधी तुम्हाला वेड्यात काढतील आणि मग एकमेकांना.

खरा फरक मालकांतच आहे, असं वागिमानची बायको पाइनेम म्हणायची. त्वात्वावाले इस्त्रीचा शर्ट घालून येतात, पिकोलेटवाले चपला फरफटत. त्वात्वा महाग, मिळायला कठीण आणि लहरी. घरातली खुर्ची इकडची तिकडे झाली तरी आठवडाभर मौन धरतो, आणि मालक त्याचंही कौतुक सांगत फिरतो. पिकोलेटला कसलं मौन आणि कसलं काय. मालकाबरोबर तो न्हाव्याकडे जातो, बाजारात जातो, पोस्टाच्या रांगेत उभा राहतो आणि तिथेही गातो. पाइनेमचं म्हणणं असं, की नवरा म्हणून पिकोलेटवालाच बरा, कारण तो निदान घरच्यांशी बोलतो.

वागिमान पिकोलेटवाला. वय बासष्ट, अंगाने काडी, धंदा पाट्या रंगवण्याचा. आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त सेवदत्त त्वात्वावाला, पस्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला, आवाजाने आणि पोटाने दांडगा. दोघांची ओळख बसमुळेच झाली. सेवदत्तने नवी बस घेतली तेव्हा मागच्या बाजूला त्वात्वाचं चित्र काढायला वागिमानला बोलावलं. वागिमानने दोन दिवस खपून असं देखणं चित्र काढलं, की लोक बस सोडून चित्र बघायला थांबायचे. सेवदत्तने मात्र गुडघ्यावर बसून ते निरखलं आणि पोटापाशी विटकरी रंगाचा एक अगदी पुसट हात फिरलाय, हे शोधून काढलं. वागिमान म्हणाला, ऊन पडलंय. सेवदत्त म्हणाला, ऊन नाही, तुझी जात पडलीय. तिथपासून जी जुंपली ती तीस वर्षं चालू होती, आणि तीस वर्षांत असा एक रविवार गेला नाही की दोघे एका गाडीतून मैदानावर आले नाहीत.

मैदान म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या निवासासमोरची मोठी हिरवळ. रविवारी सकाळी सातला तिथे लोखंडी खांब रोवतात, दोन खांबांवर शेजारी शेजारी दोन पिंजरे टांगतात, आणि पंधरा मिनिटांत ज्याचा पक्षी जास्त ताना मारील तो जिंकला. प्रत्येक पिंजऱ्यापाशी एक मोजणारा, हातात खडू, बाजूला फळा. एक तान, एक रेघ. मालकाने दोरीच्या पलीकडे उभं राहायचं. शीळ नाही, टाळी नाही, पक्ष्याला हाक नाही. गावातल्या मोठमोठ्या माणसांना मी त्या दोरीपाशी शाळेतल्या पोरांसारखं गुपचूप उभं राहिलेलं पाहिलंय. आणि या सगळ्यात सगळ्यात मोठा मान कुणाचा, तर मोजणाऱ्याचा. 'याचा खडू खोटा आहे' असं मोजणाऱ्याबद्दल कुणी बोललं तर समजायचं, त्या माणसाने उद्यापासून घराबाहेर पडूच नये.

सेवदत्तचा खडू बावीस वर्षं खरा होता. अर्ध्या मैदानाला मोजायला त्यानेच शिकवलेलं. दोन पक्षी एकदम गायला लागले तरी तो आपल्या पिंजऱ्यातली तान अशी वेगळी काढायचा, जशी बाई तांदळातून खडा काढते. शिवाय घरच्या कपाटात त्याच्या त्वात्वांनी मिळवलेले चार कप. वागिमानच्या कपाटात एकही नाही. हे सेवदत्त त्याला विसरू देत नसे. वागिमानकडे जेवायला गेला की कपाटापाशी उभा राहून पाइनेमला विचारायचा, वहिनी, ही फळी रिकामी का, इथे काही ठेवायचं राहिलंय का.

गेल्या वर्षभरात मात्र सेवदत्तने नवीनच पालुपद धरलं होतं. पिकोलेट हल्ली गात नाहीत. ऊठसूट तेच. पूर्वीचे पिकोलेट काय गात होते, आताचे नुसते चोचा उघडतात. जंगलातलं बी बदललं, पाणी बदललं, पिकोलेटवाल्यांच्या लाडाने पक्षी आळशी झाले. त्वात्वा बघ, अजून खणखणीत. हे तो कुठेही सांगायचा, आणि सांगताना त्याच्या डाव्या हाताला टांगलेल्या पिंजऱ्यात एखाद्याचा पिकोलेट बेंबीच्या देठापासून गात असायचा. ऐकणारा आधी पक्ष्याकडे बघायचा, मग सेवदत्तकडे, आणि मग मूग गिळून गप्प बसायचा.

काय झालं होतं ते सगळ्या मैदानाला कळलेलं होतं. पस्तीस वर्षं बसच्या इंजिनाशेजारी बसून माणसाच्या कानांचं जे व्हायचं ते झालं होतं. खालचे आवाज येत होते, वरचे गेले होते. त्वात्वा खालच्या सुरात गातो म्हणून तो वाचला, पिकोलेट वर गातो म्हणून तो गेला. मागच्या मोसमात एका पिकोलेटने एक्केचाळीस ताना मारल्या आणि सेवदत्तच्या फळ्यावर एकोणीस रेघा निघाल्या, तेव्हाच मंडळींच्या काळजात चर्र झालं. पण सांगणार कोण? ज्याने तुम्हाला खडू धरायला शिकवला त्याला जाऊन सांगायचं, की काका, तुमचे कान गेले?

तोड काढली ती वागिमानने. पक्षीवाल्यांच्या मंडळाचा प्रमुख वेन्स्ली, कायम टोपी घालणारा, भला थोरला गडी, त्याला त्याने बाजूला घेतलं आणि पढवलं. त्याप्रमाणे वेन्स्लीने सेवदत्तला सांगितलं, की त्वात्वांच्या रांगेत भांडणं फार होतात, तिथे जुना आणि वजनदार माणूसच हवा, पिकोलेट काय, कुणीही मोजेल. सेवदत्त फुलून गेला. घरी जाताना गाडीत त्याने वागिमानला ऐकवलं, बघ, मंडळालाही कळलं कुठल्या पक्ष्याला किती मान द्यायचा ते. वागिमानने खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं. स्वतःच शिजवलेलं स्वतःच खायचं, तोंड वाकडं करून कसं चालेल?

असं वर्ष निभावलं. आणि मग या वर्षीची अंतिम फेरी आली, आणि पिकोलेटांच्या शेवटच्या दोघांत वागिमानचा मिरची आला.

मिरची नऊ वर्षांचा होता. हा त्याचा शेवटचा मोसम, हे वागिमानला पक्कं ठाऊक होतं. पंखांची चमक गेली होती, सकाळी गळा उघडायला वेळ लागत होता. पण एकदा उघडला की काय विचारता! तीस वर्षांत वागिमानने सतरा पिकोलेट पाळले, त्यांतला एकही अंतिम फेरीच्या जवळपास गेला नव्हता. आता नाही तर कधीच नाही. तो आठवडाभर नीट झोपला नाही. पाइनेम रविवारी मैदानाच्या कडेला साओतोचा, म्हणजे कोंबडीच्या रश्शाचा, गाडा लावायची. तिने त्या दिवशी पहिला वाडगा नवऱ्याला दिला, तर त्याने त्यात मीठ समजून साखर घातली.

समोर निकेरीचा बिसुंभर होता, भातशेती करणारा, चार तास गाडी चालवून आलेला, सभ्य माणूस. त्याचा पक्षी तरणाबांड, छाती काढून बसलेला. पिंजरे टांगले, दोरी बांधली, फळे पुसले. आणि मग वेन्स्ली टोपी काढून डोकं खाजवायला लागला. कारण मोजणारे दोन हवेत आणि आला होता एकच. दुसरा म्हणजे लियो. त्याची अक्कलदाढ रात्रीत अशी सुजली होती की तोंड फणसासारखं घेऊन तो दवाखान्यात बसला होता. नवशिक्याला अंतिम फेरी देता येत नाही, आणि ज्याचा पक्षी त्या मोसमात पिकोलेटांच्या रांगेत उतरलाय त्यालाही देता येत नाही. वेन्स्लीने चहूकडे नजर फिरवली. तेवढ्यात गर्दीतला कुणीतरी अतिशहाणा ओरडला, की अहो सेवदत्तकाका आहेत ना, लियोला शिकवलं कुणी?

वागिमान सेवदत्तकडे बघत होता. सेवदत्तच्या चेहऱ्यावर एक क्षण असं काही आलं, जसं पुढे पूल वाहून गेलाय हे बस भरधाव असताना ड्रायव्हरला दिसावं. मग तो पुढे झाला. शर्टाच्या बाह्या त्याने दुमडल्या, खडू घेतला, आणि चिठ्ठीत त्याच्या वाट्याला मिरचीचा पिंजरा आला.

आता इथे एक रीत आहे. पक्षी गायला लागण्याआधी प्रमुखाने दोन्ही मालकांना विचारायचं असतं, मोजणाऱ्याबद्दल हरकत आहे का. मालकाने 'आहे' म्हटलं की मोजणारा खडू ठेवून बाजूला होतो. कारण विचारत नाहीत. पण कारण विचारत नाहीत म्हणजे सगळ्यांना ते कळत नाही, असं थोडंच आहे?

वेन्स्लीने बिसुंभरला विचारलं. त्याची हरकत नव्हती, त्या बिचाऱ्याला कशाचाच पत्ता नव्हता. मग वेन्स्ली वागिमानकडे वळला, आणि प्रश्न विचारता विचारता त्याने डोळ्यांनी त्याला विनवलं, की बाबा, हो म्हण, स्पर्धा पुढच्या रविवारी ढकलू. दीडशे माणसं श्वास रोखून उभी होती. एकीकडे मिरची, तीस वर्षांत एकदाच आलेला. दुसरीकडे हा दांडगा माणूस, एरवी इतका बडबड्या, आणि आता खडूकडे बघत मान खाली घालून उभा. एकच शब्द बोलायचा होता.

"हरकत नाही," वागिमान म्हणाला.

पंधरा मिनिटं सुरू झाली. मिरचीने थोडा वेळ पिसं झाडली, चोच घासली, मालकाचा जीव टांगणीला लावला, आणि मग तान मारली. बारीक, उंच, सुईसारखी सरळ. वागिमानचा अंगठा आपोआप पहिल्या बोटाच्या पेरावर गेला. सगळे मालक असेच पेरांवर मोजतात. त्याने भीत भीत फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर एक रेघ होती.

दुसरी तान, दुसरी रेघ. तिसरी, चौथी, मग एका दमात तीन, तर रेघाही तीन. वागिमानला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. क्षणभर त्याला वाटलं, चमत्कार झाला, कान परत आले. मग त्याने सेवदत्तचा चेहरा नीट पाहिला. सेवदत्त ऐकतच नव्हता. तो मिरचीच्या गळ्याकडे टक लावून बघत होता, पापणीही न हलवता, घामाने निथळत. गळ्याखालची पिसं फुगली आणि चोच उघडली की रेघ. पाणी प्यायला उघडली तर नाही, जांभईला उघडली तर नाही. बावीस वर्षांत त्या माणसाने पक्षी इतका बघितला होता, की आवाज काढून घेतला तरी त्याला तान दिसत होती.

तेव्हा वागिमानला दुसरी गोष्ट कळली. डोळ्यांनी मोजणारा माणूस म्हणजे कान गेलेत हे ठाऊक असलेला माणूस. सेवदत्तला माहीत होतं. वर्षभर सगळं माहीत होतं.

दहा मिनिटं झाली तेव्हा वागिमानच्या पेरांवर बावन्न होते आणि फळ्यावरही बावन्न. बिसुंभरचा पक्षी तीन-चारने मागे होता. आणि मग समोरच्या घड्याळाच्या मनोऱ्यामागून ऊन आलं, ते नेमकं मिरचीच्या डोळ्यांवर पडलं, आणि त्याने दांडीवर टुणकन उडी मारून पाठ फिरवली. आता त्याचं तोंड दोरीकडे, वागिमानकडे होतं. सेवदत्तला दिसत होती ती नुसती काळी पाठ.

मिरचीने तान मारली. रेघ निघाली नाही. पुन्हा मारली. सेवदत्तचा खडू फळ्यापासून बोटभर अंतरावर थांबला होता. तिसरी तान, मोठी, गिरकी घेतलेली, सगळ्या मैदानाने ऐकली. फळा तसाच.

सेवदत्तने मान वर केली. पिंजऱ्याच्या पलीकडे त्याला वागिमान दिसला, आणि वागिमानच्या छातीशी धरलेला हात दिसला, पेरांवरून सरकणारा अंगठा दिसला. दोघांची नजर भेटली. चौथी तान आली, अंगठा एक पेर सरकला, आणि फळ्यावर रेघ उमटली.

पुढची पाच मिनिटं कशी गेली ते वागिमान कुणाला सांगू शकला नसता. मिरची गात होता, अंगठा सरकत होता, खडू चालत होता. बघणाऱ्याला सगळं यथास्थित. पण वागिमानला कळून चुकलं होतं, की आपल्याच पक्ष्याच्या रेघा आपण ओढतोय. इतका भरवसा त्या माणसाने आपल्या बायकोवर, फूलमतीवरही कधी टाकला नसेल.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा बिसुंभरच्या पक्ष्याने जोर केला आणि त्याचा फळा एकोणऐंशीवर गेला. मिरचीच्या फळ्यावर सत्त्याहत्तर होते. वागिमानच्या पेरांवर ऐंशी. ते तीन खोटे नव्हते हो, मिरचीने मारलेल्या ताना होत्या त्या, हक्काच्या. मिरची आता दमला होता. तो पाण्याच्या वाटीपाशी उतरला आणि घुटके घ्यायला लागला. सेवदत्त अंगठ्याकडे बघत उभा होता, खडू टेकवून, ताटकळत. अंगठा तीनदा हलवायचा, बस. तीस वर्षांचा कप तीन पेरांवर होता.

पण पक्षी पाणी पीत होता, आणि हे दीडशे माणसांना दिसत होतं. पाणी पिणाऱ्या पक्ष्याच्या नावावर रेघ पडली असती तर कुणीतरी बोललंच असतं, की खडू खोटा. त्या म्हाताऱ्याच्या बावीस वर्षांची माती झाली असती, आणि तीही वागिमानच्या अंगठ्यापायी. वागिमानने अंगठा मुठीत घेतला आणि मूठ घट्ट आवळली. मिरची पुन्हा गायला नाही. वेन्स्लीने शिट्टी फुंकली.

निकालानंतर व्हायची ती गडबड झाली. एकजण म्हणाला, मी ऐंशी मोजले, दुसरा म्हणाला, मी चौऱ्याऐंशी, तिसऱ्याने तर शंभर सांगितले, त्यावर सगळे हसले. फळ्यावर असेल ते खरं, असा नियमच आहे. वेन्स्लीने हरलेल्याला विचारायचं म्हणून विचारलं, मान्य आहे का. वागिमान मान्य म्हणाला आणि त्याने बिसुंभरचा हात हातात घेतला. बिसुंभर भला माणूस, तो म्हणाला, काका, तुमचा पक्षी म्हातारा आहे पण वाघ आहे. वागिमान मिरचीच्या पिंजऱ्यावर फडकं घालायला गेला.

परत जाताना नेहमीसारखंच. सेवदत्तचा त्वात्वा, ज्याचं नाव मिनिस्टर, कारण दिवसभर फुगून बसायचा आणि क्वचित बोलायचा, तो पुढच्या सीटवर पट्टा लावून. वागिमान आणि मिरची मागे. वाटेत सेवदत्त अक्षरही बोलला नाही, आणि हे इतकं विचित्र होतं की मिनिस्टरसुद्धा मान वळवून बघायला लागला. शेवटी नदीकाठच्या रस्त्यावर त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"वागी, मला तुझा पक्षी ऐकू येत नाही," तो म्हणाला. "वर्ष झालं. चोच उघडते, गळा हलतो, आणि पुढे काही नाही. मिनिस्टर येतो. तू येतोस. फूलमती तर नको तेव्हाही येते. पण पिकोलेट गेले."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगत तर होतो रोज. गात नाहीत म्हणून."

वागिमानला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि दोन्ही दिसू नयेत म्हणून त्याने मिरचीच्या फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. रांग बदलण्याची शक्कल कुणाची होती हेही मग सेवदत्तने सांगून टाकलं. त्याला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं; वेन्स्लीला इतकं गोड बोलता येत नाही. आपल्याला कळलंय हे वागिमानला कळू नये म्हणून तो वर्षभर छाती फुगवून हिंडत होता. मग त्याने समोरचा छोटा आरसा असा फिरवला, की त्यात वागिमानचं तोंड दिसावं.

"त्याने पाठ फिरवली तेव्हा माझा खडू थांबला होता," तो म्हणाला. "किती खाल्ले मी? खरं सांग."

आरशात त्याचे डोळे दिसत होते. इतकी वर्षं ते डोळे वागिमानने नुसते मिस्किल पाहिले होते. आज ते शाळेच्या निकालाला आलेल्या पोरासारखे होते.

"एकही नाही," वागिमान म्हणाला.

"तुझ्या बोटांवर किती होते?"

"सत्त्याहत्तर."

"मग तो थांबला होता मध्ये?"

"दमला होता रे. पाठ फिरवली आणि उगाच उभा राहिला. म्हातारा झालाय."

सेवदत्तने लांब श्वास सोडला. त्याचे खांदे खाली आले, आणि बघता बघता जुना सेवदत्त सीटवर परत येऊन बसला. पुढच्या रविवारी वेन्स्लीला खडू परत करून टाकतो, म्हणाला. गुडघे दुखतात म्हणून सांगेन. कान नसताना अंतिम फेरी बिनचूक मोजली, आता सोडायला काही वाटत नाही. तेवढं बोलून त्याने गाडी सुरू केली, आणि पुढच्या वळणाच्या आत त्याचं तोंडही सुरू झालं. म्हणजे मिरची खरोखरीच हरला तर. दोन तानांनी. आणि तेही पाणी पीत बसून. त्वात्वा कधी अंतिम फेरीत पाणी प्यायलेला ऐकलायस? नाही, पक्ष्याचा दोष नाही, दोष माणसाचा. तहान भागेपर्यंत सकाळी पाजलं का नाहीस? घर येईपर्यंत हे चाललं होतं. घरापाशी त्याने काच खाली करून वागिमानच्या शेजाऱ्यालाही दोन तानांची गोष्ट सांगितली, आणि वागिमान पिंजरा छातीशी धरून शेजारी उभा राहून मान डोलवत होता. उद्यापासून ही गोष्ट शहरभर होणार, आणि मरेपर्यंत दर रविवारी आपण ती ऐकणार, हे त्याला दिसत होतं. मिरचीचं मात्र त्याला वाईट वाटलं. गाणं सोडून उगाच उभा राहिला म्हणण्यासारखं त्या बिचाऱ्याने काहीही केलं नव्हतं.

पाइनेम गाडा आवरून एकच्या सुमाराला आली. वागिमान मागच्या पडवीत मिरचीला गवताचं ताजं बी निवडून देत बसला होता, आणि आजचं बी एरवीपेक्षा दुप्पट होतं. तिने उरलेला रस्सा गरम केला, वाडगा त्याच्यापुढे ठेवला, पदराला हात पुसावेत तसे झग्याला पुसले आणि समोर बसली. आज तिनेही गिऱ्हाइकांकडे दुर्लक्ष करून मोजलं होतं. तीस वर्षं पिकोलेटवाल्याच्या घरात काढलेली बाई, तिला कोण शिकवणार?

"मी ऐंशी मोजले," ती म्हणाली. "फळ्यावर सत्त्याहत्तर. तीन कुठे गेले?"

वागिमानने चमचा खाली ठेवला. त्याने मिरचीकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं आणि मग बायकोकडे.

"तुझ्या कानांचं काहीतरी झालंय," तो म्हणाला. "तपासून घे एकदा."

पाइनेम उठली, आत गेली, आणि तिने स्वतःच्या वाडग्यातलं उकडलेलं अंडं आणून त्याच्या वाडग्यात टाकलं.

"घेते तपासून," ती म्हणाली. "जेव आता, निवतंय."